आतला मोजा

१ जानेवारी २००८, मंगळवार

पगारवाढ मागितली होती, कंपनीने डायरी दिली. कव्हरवर बर्फाचा डोंगर आहे. फुकटची वस्तू वाया घालवणं आमच्या घराण्यात बसत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

उद्या ही कुणाच्या हाती लागली तर कळावं म्हणून सांगतो : मी केसरीनाथ, मुक्काम राहनाळ. जिथे आमचं भात पिकायचं तिथे आता कोल्ड स्टोरेज आहे. जमीन देताना ठरलं होतं, घरटी एक नोकरी. माझ्या वाट्याला स्टोअरकीपरची आली. आत उणे अठरा डिग्री. ज्या जागी बापाने घाम गाळला तिथे मी गोठलेला मटार सांभाळतो. गावात दिवसाचे आठ तास वीज नसते, पण मटाराला जरा उकडलं की जनरेटर धावत येतो. पुढचा जन्म मटाराचा मिळावा.

आत अकरा बायका काम करतात. पडघ्याच्या पलीकडच्या गावांतून कंपनीच्या टेम्पोने येतात. वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर. मटाराच्या बंद पिशव्या खोक्यात भरायच्या आणि वर लेबल चिकटवायचं. त्यांचे कोट, बूट आणि जाड हातमोजे माझ्या ताब्यात.

आज मॅनेजर भाविकने बोलावलं. वय अठ्ठावीस. मला काका म्हणतो, त्यामुळे काम सांगताना त्याला लाज वाटत नाही. म्हणाला, "काका, लेडीजची बोटं आखडतायत. जाड मोज्याच्या आत घालायला इनर लागेल. तुम्हीच सिलेक्ट करा."

मी! बाहेर चोवीस डिग्री आहे, पडघ्याच्या नाक्यावर लोक कानटोपी घालून कुल्फी खातायत, आणि बर्फातले मोजे निवडणार राहनाळचा केसरीनाथ. बरं म्हटलं. नाही म्हणायची सवय जमिनीबरोबरच गेली.

३ जानेवारी, गुरुवार

इनर निवडले. अर्धा तास लागला, त्यातली वीस मिनिटं चहाची.

माझा मेहुणा धनेश. भिवंडीत त्याचे चार लूम आहेत, त्यांतले दोन चालतात. म्हणाला, "दाजी, कापडाच्या गावात राहून मोजे बाहेरून आणणार? लोक हसतील. शंभर टक्के कॉटन देतो, शिवूनपण देतो." मुद्दा बिनतोड होता. शिवाय तो कमळचा भाऊ आहे आणि मला रोज घरीच जेवायचं असतं.

सुतासारखं सूत नाही. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊब. आमचा बाप सांगायचा. तो उणे अठरात कधी गेला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

५ जानेवारी, शनिवार

इनर वाटले. पांढरेशुभ्र, इस्त्री केल्यासारखे. बायका खूश दिसल्या. एक गुणाबाई सोडून.

ही गुणाबाई म्हणजे चाळिशीची, उंच, कमी बोलणारी. दोन्ही हातांत कोपरापर्यंत नाही, पण मनगटभर हिरव्या बांगड्या, घट्ट बसलेल्या. तिने मोजा दोन बोटांत धरून चोळून पाहिला, जसं काही मी तिला साडी विकतोय.

"दादा, सुती हाय ना ह्यो? आत हाताला घाम येतो. वला झाला तं?"

म्हटलं, "गुणाबाई, उणे अठरात घाम? आत काय लग्नाची वरात नाचते का?"

बायका हसल्या. ती हसली नाही. बरोबर आहे, विनोद कळायला डोकं लागतं.

या बाईला आणखी एक खोड आहे. सकाळी टेम्पोतून उतरली की आधी गेटवर उभ्या ट्रकांकडे जाते. प्रत्येक ड्रायव्हरला एकच प्रश्न : "लडकू भेटला काय वाटंत?" लडकू हिचा नवरा, गाडीवर असतो. आज इंदूरवाल्याला विचारलं, काल नाशिकवाल्याला. हिंदुस्थानात लाखो ट्रक, पण या बाईला वाटतं सगळे ड्रायव्हर एकाच बाकड्यावर जेवतात. नवऱ्यावर इतकी पाळत कमळने ठेवली असती तर मी कधीच पळून गेलो असतो. या चौकशीपायी पहिली फेरी उशिरा सुरू होते, म्हणून मी तिला दोन शब्द सुनावले.

८ जानेवारी, मंगळवार

गोंधळ. रूपा नावाची मुलगी आहे, गेल्या वर्षीच लग्न झालेली. तिची तीन बोटं पांढरी पडली, मेणासारखी. बाहेर आणून कोमट पाण्यात धरली तेव्हा ती किंचाळली ते ऑफिसात ऐकू गेलं. दुपारपर्यंत आणखी चौघींनी हात वर केले.

मी चौकशी केली. दोष बायकांचाच निघाला. मागच्या कागदावरून लेबल सोलायला जाड मोजा काढतात, नुसत्या इनरवर काम करतात. नियम काय? जाड मोजा काढायचा नाही. जाड मोज्याने लेबल सोलता येत नाही, हे खरं. पण नियम तो नियम.

इनर हातात घेऊन पाहिला. ओला होता आणि बोटांकडे कडक झालेला, वाळलेल्या पापडासारखा. बायका बहुतेक ओल्या हातांनीच घालत असणार. धनेशला फोन केला, तोही हेच म्हणाला.

भाविकने सगळ्यांसमोर सांगितलं, "काका, खोकी निम्म्यावर आलीत. संक्रांतीपर्यंत हे सुटलं नाही तर मी लेबर कॉन्ट्रॅक्टरकडून जेन्ट्सची गँग घेणार. या अकराजणींना थांबवावं लागेल."

गुणाबाई माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे कशाला बघते? मी काय हिवाळा बनवला?

९ जानेवारी, बुधवार

घरी कमळला सगळं सांगितलं. तिच्या भावाचं नाव शक्यतो न घेता.

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुम्ही कंदी गेलाव आत?"

"रोज जातो."

"किती वेल?"

दार उघडतो, मोजतो, बंद करतो. खरं सांगायचं तर दोन मिनिटं. तीन म्हणालो.

"मंग त्यांना काय शिकवताव?" म्हणाली. बायकोला डायरी वाचता येत नाही हे उत्तम, पण तिला ती वाचायची गरजही पडत नाही.

१० जानेवारी, गुरुवार

अक्षर वाईट आहे. कारण पुढे.

आज मेहुण्याचे इनर, वर जाड मोजे, कोट, बूट घालून मी पूर्ण वीस मिनिटं आत काम केलं. पहिली पाच मिनिटं मजा वाटली. खोकी उचलताना अंग तापलं आणि हाताला घाम आला. होय, उणे अठरात. वरात नव्हती तरी. मग लेबल सोलायला जाड मोजा काढला. आतलं ओलं सूत एका दमात थिजलं. बोटांना आधी सुया टोचल्या, मग सुया टोचायच्या थांबल्या. थांबल्या हे जास्त वाईट. अकराव्या मिनिटाला मी दाराकडे पाहिलं. गुणाबाई शेजारीच खोकं भरत होती, तिने पाहिलं मी पाहिलं ते.

बाहेर आल्यावर तिने माझे हात आपल्या काखेत घालायला सांगितले. आपल्या म्हणजे माझ्या स्वतःच्या. "पान्यात नको घालू दादा, आग व्हते. आसंच बस."

रूपाचे हात मीच कोमट पाण्यात धरायला लावले होते.

हिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ओला झाला तर? मी वरातीचा विनोद केला होता. माझ्या विनोदापायी त्या पोरीची बोटं गेली असती. हे लिहायला बरं वाटत नाही, पण डायरी फुकटची असली तरी खोटं लिहायला ती दिलेली नाही.

११ जानेवारी, शुक्रवार

धनेशला सांगितलं, मोजे परत घे. तो म्हणाला, "दाजी, वापरलेला माल परत येत नसतो." म्हटलं, वापरलेला नाही, सोसलेला आहे. फोन ठेवला. रात्री कमळने भाजीत मीठ कमी घातलं, भावाच्या वतीने की स्वतःच्या ते कळलं नाही.

सकाळीच मुंबईला जाऊन मशीद बंदरच्या दुकानांत फिरलो आणि दुपारपर्यंत तीन तऱ्हेचे इनर आणले. एक लोकरीचा, एक तळव्याला रबरी ठिपके असलेला, एक पातळ, गुळगुळीत, बनावट धाग्याचा, जो पाहून मी नाक मुरडलं. हे असलं नायलॉनी काहीतरी, आमच्या भिवंडीत याची चड्डीसुद्धा कुणी शिवणार नाही. पण या वेळी निवड मी केली नाही. गुणाबाईला म्हटलं, तू सांग.

तिने तिन्ही घालून आत एकेक फेरी केली. लोकरीचा ऊबदार, पण लेबल त्याला चिकटतं आणि मटाराच्या खोक्यावर केस उगवतात. ठिपक्यांचा जाड, वरचा मोजा चढत नाही. मग तो पातळ. पाणी टाकून पिळला, फडकावला, गालाला लावून पाहिला.

"ह्यो. घाम धरत न्हाय. लेबल पन सोलतंय ह्यातनं. आन् बाही लांब हाय, कोपराच्या खाली येते."

म्हणजे आतला मोजा जाड नसावा, कोरडा असावा. ऊब द्यायचं काम वरच्याचं. एवढं समजायला मला पन्नास वर्षं, एक मेहुणा आणि दहा बोटं लागली.

१२ जानेवारी, शनिवार

काल संध्याकाळी दुकानात फोन करून मागवलेले पातळ इनर सकाळीच सगळ्यांना वाटले. दहाजणींचे हात उत्तम. रूपा हाताला पट्टी बांधूनही पूर्ण फेऱ्या करते. खोकी पूर्वीपेक्षा जास्त. मी भाविकच्या केबिनमधून छाती काढून निघणार, तेवढ्यात गुणाबाई आली. दोन्ही मनगटांवर लाल वळ, एकाखाली एक, प्रत्येक बांगडीचा वेगळा.

इतर बायकांच्या बांगड्या सैल आहेत, त्या वर सरकवून खालून इनरची लांब बाही ओढून घेतात. हिच्या इतक्या घट्ट की खाली बाही जात नाही. इनर बांगड्यांपाशी संपतो आणि काच उघड्या कातडीवर गोठते.

भाविक म्हणाला, "सिंपल आहे. बँगल्स काढा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. एकीमुळे सगळ्यांचा रिपोर्ट खराब होतो."

मीही म्हटलं, "अगं संक्रांत आलीच आहे. या फोड आणि नव्या भर. एवढं काय सोनं लागलंय?"

तिने हात पदराखाली घेतले. "त्या निघत न्हाय दादा. हात भरलाय. फोडाव्या लागतील. मी न्हाय फोडनार."

"नोकरी गेली तरी?"

"गेली तरी."

आणि बाहेर ट्रकांकडे निघून गेली. मी म्हटलं, घ्या, नवऱ्याला विचारायला चालली. तो येईल पुढच्या महिन्यात, तोवर बस म्हणावं.

रूपा तिथेच होती. एरवी माझ्यासमोर मान वर करत नाही. आज केली.

"दादा, लडकूमामा सात वर्सं झाली आला न्हाय. गाडी घेऊन गेला तो गेलाच. गाडी पन गावली न्हाय. ज्या सकाली गेला त्या सकाली पडघ्याच्या बाजारात मामीला ह्या बांगड्या त्यानंच भरल्या. सासरची मानसं सारखी मागं लागलीत, फोडून टाक, दिवस घालू. मामी बोलते, फोडल्या का मीच त्याला मारला आसं व्हईल."

मी आठवडाभर या डायरीत जे लिहिलं ते मागे जाऊन वाचलं. पान फाडावं वाटलं. फाडलं नाही. असू दे माझ्यासमोर.

मला लाज वाटते. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

१३ जानेवारी, रविवार

तुळजा कासारीण घरी आली. संक्रांतीच्या आधी ती आमच्या आळीत फिरतेच. ओसरीवर बांगड्यांची माळ पसरून बसली. कमळच्या डाव्या हातात एक जुनी बांगडी अडकलेली, तीन वर्षं निघत नव्हती. मला वाटलं आता फोडणार. तुळजाने पिशवीतून रेशमी फडकं काढलं, कमळच्या हातावर गुंडाळलं, अंगठा तळव्यात दुमडला आणि बांगडी त्या फडक्यावरून सुळकन बाहेर काढली. अख्खी.

मी उठलोच. कपाटातून तो गुळगुळीत इनर आणला. "तुळजाबाई, हा घालून निघेल?"

तिने हात फिरवून पाहिला. "फडक्याहून बेस. बोटांत घट बसतो. हात गार आसंल तं आजून बेस, गार हात आवलतो."

"गार हात पाहिजे? गार हाताची आमच्याकडे फॅक्टरी आहे!"

मग मी कमळचा उजवा हात घेतला, इनर चढवला आणि एक बांगडी काढून बघितली. निघाली. पुन्हा भरली. पुन्हा काढली. कमळ माझ्याकडे बघत बसली.

"पंचवीस वर्सांत कंदी माझे हातात बांगडी भरली न्हाय. आन् आज कंपनीसाठी."

म्हटलं, सराव करतोय. तिने हात ओढून घेतला नाही. मी आणखी चार भरल्या.

१४ जानेवारी, सोमवार

गेटवर तुळजाचा पास बनवायला रजिस्टरमध्ये 'कामाचे स्वरूप' लिहावं लागतं. मी लिहिलं : हातमोजे बसवणे.

भाविक आला. "काका, कोल्ड स्टोरेजमध्ये बँगल्स? उद्या फुटल्या तर काच मटारात जाईल."

त्याला सरळ सांगितलं. पिशव्या बंद असतात. आणि बांगडी उघडी राहणारच नाही : आत इनर, त्यावर बांगडी, तिच्यावर जाड मोजा कोपरापर्यंत. तीन थर. बांगडी मध्ये. दोन-चारच्या जागी दोन-आठ मापाची घेतली की खालून बाही जाते. "तूच म्हणालास सिलेक्ट करा. केलं. ही बाई गेली तर इनरची पारख करणारं इथे कुणी नाही. मला विचारशील तर मी सुती आणीन."

शेवटचा मुद्दा त्याला पटला.

गुणाबाई पहिली फेरी करून बाहेर आली. मी तिला सांगितलं, फोडायच्या नाहीत, काढायच्या. तिने एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या एकदा चाचपल्या. मग तुळजासमोर जमिनीवर बसली आणि हात पुढे केला.

इनर बांगड्यांपर्यंत चढवला. तुळजाने अंगठा आत दाबला. पहिली बांगडी अंगठ्याच्या गाठीपाशी अडली. दहा बायका, एक मॅनेजर, एक स्टोअरकीपर, सगळे त्या एका बांगडीवर वाकले. तुळजा म्हणाली, "माय, ढिला सोड." आणि ती निघाली. अख्खी. मग दुसरी. एका हातात सात, दुसऱ्यात सात. एकही तडकली नाही.

शेवटची निघायच्या आधी तुळजा थांबली. "हात रिता ठेवायचा न्हाय. दोरा द्या कोनीतरी." कुणाकडे दोरा नव्हता. मी स्टोअरमध्ये गेलो आणि धनेशचा एक इनर उसवला. शंभर टक्के कॉटन. रूपाने तो दोरा मामीच्या दोन्ही मनगटांना बांधला, मग शेवटची बांगडी निघाली, बाही वर ओढली आणि त्यावर नव्या हिरव्या, दोन-आठच्या, सैल बांगड्या चढल्या.

जुन्या चौदा ठेवायला काही मऊ हवं होतं. जोडीतला दुसरा मोजा होताच. त्याच्या बोटांत बांगडी जात नाही, पण तळव्यात सगळ्या मावतात. मेहुण्याचा माल शेवटी उपयोगी पडला. त्याला सांगणार नाही.

भाविक जाताना म्हणाला, "बाकीच्यांनापण दोन-आठ घ्यायचं का?" हा मुलगा एक दिवस मोठा साहेब होणार.

संक्रांत

कमळने तिळाचे लाडू दिले होते, वाटले. गुणाबाईने इनर काढून मनगट दाखवलं. वळ फिके पडलेत. लडकूबद्दल ती माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलली.

"दादा, ह्या नव्या तुमी भरवल्या. तो आला आन् इचारलं, माज्या कुटं गेल्या, तं?"

एरवी माझ्याकडे लगेच उत्तर असतं. आज एवढंच म्हणालो, "सांग, ठेवल्यात. मोजून घे म्हणावं, चौदा आहेत."

ती हसली. विनोद मी केला नव्हता.

१६ जानेवारी, बुधवार

सकाळी टेम्पो वाटेत बंद पडला, बायकांना उशीर झाला. तेवढ्यात नाशिककडची गाडी आली आणि माल उतरवून निघालीसुद्धा. गुणाबाई पोचली तेव्हा गेट रिकामं होतं. तिने रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

म्हटलं, "विचारलं मी. लडकू भेटला का म्हणून. नाही म्हणाला. ड्रायव्हरचा एक दोस्त धुळ्याला असतो, त्याला तो विचारणार आहे."

ती मोजे घेऊन आत गेली.

उद्या इंदूरची गाडी आहे. साडेसहाला येते. मी सहाला जाईन.